वारामापक फेकण्याआधी तपासा

महोदय,

शिडाच्या होडीवरचे जुने वारामापक बंद पडले की अख्खे यंत्र बदलण्याचा सल्ला लगेच मिळतो. आधी डोलकाठीच्या बुंध्याशी असलेली जोडणी उघडून पाहावी. दोष बरेचदा तिथेच असतो. पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सिलिकॉन ग्रीस लावावे, मग मल्टिमीटरने प्रत्येक तार तपासावी. रीड स्विचच्या (चुंबक जवळ आला की जुळणाऱ्या स्विचच्या) यंत्रात वाऱ्याने फिरणारे पेले हाताने हळू फिरवले की मीटरवर ठोके दिसतात. दिसले तर वेगाचा भाग शाबूत आहे. बेअरिंग जड असेल तर धुऊन पातळ तेलाचा एकच थेंब सोडावा. तिथे घट्ट ग्रीस कदापि नको, अंबाझरी तलावावरच्या मंद वाऱ्यात पेले हलणारच नाहीत. दिशेचा काटा ठरावीक कोनात उडत असेल, तर पोटेंशियोमीटरची (फिरवल्यावर विद्युत रोध बदलणाऱ्या भागाची) पट्टी झिजलेली असू शकते.

नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात प्लास्टिकचे पेले ठिसूळ होतात. होडी उभी असताना ते उतरवून ठेवावेत.

बदलायचेच असेल, तर निव्वळ सेन्सर घेऊ नये. वाऱ्याचे आकडे दाखवणारी जुनी तबकडी व्होल्टेज वाचते, नवा सेन्सर बहुधा एनएमईए २००० या नौकांवरील उपकरणे जोडण्याच्या मानकाचे डिजिटल संदेश पाठवतो. दोन्ही एकत्रच बदलावे आणि बसवताना शून्य अंश नाळेच्या (होडीच्या पुढच्या टोकाच्या) रेषेत आणावा.

– नौकानयनप्रेमी वाचक, नागपूर