नाण्यावरचा तो सम्राट नव्हे, रोमा देवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील प्राचीन रोमन चांदीच्या नाण्यांवरचा सचित्र लेख आवडला. मात्र पहिल्या छायाचित्राखालची ‘शिरस्त्राण घातलेला सम्राट’ ही ओळ दुरुस्त व्हायला हवी. ते नाणे ‘दिनारियस’ आहे. हॅनिबलशी युद्ध चालू असताना, इ.स.पू. २११ च्या सुमारास ते सुरू झाले आणि त्या काळी रोममध्ये सम्राट हे पदच नव्हते. पंखांचे शिरस्त्राण ल्यालेला तो चेहरा रोमा देवीचा असून, तिच्या मानेमागे दिसणारी फुली म्हणजे दहाचा आकडा आहे, कारण तेव्हा एका दिनारियसला काशाची दहा ‘अ‍ॅस’ नाणी मिळत. मागच्या बाजूवर भाले रोखून घोडे दौडवणारे कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव असतात. लेखात ती बाजू छापलेलीच नाही.

ही नाणी म्हणजे रोमन लोकांच्या देवभक्तीचा पुरावा, असा लेखाचा एकूण सूर आहे. तो मला अपुरा वाटतो. टांकसाळीचे काम तरुण अधिकाऱ्यांकडे असे आणि पुढे पुढे हे अधिकारी देवांच्या आडून आपल्या घराण्याचीच जाहिरात करू लागले. इ.स.पू. पहिल्या शतकातील पोम्पोनियस मुसा याने तर केवळ आडनाव जुळते म्हणून नऊच्या नऊ ‘म्यूझ’ या कलादेवता नाण्यांवर आणल्या! (त्या मानाने इ.स.पू. ४६ मधला कॅरिसियस प्रामाणिक म्हणायचा: टांकसाळ जिच्या देवळाला लागून होती त्या जुनो मोनेटाचे मुख त्याने एका बाजूला ठेवले आणि दुसऱ्या बाजूला ऐरण, हातोडा व सांडशी कोरली.)

ज्युलियस सीझरचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. त्याचे घराणे आपला वंश व्हीनस देवीपासून सांगत असे. म्हणून इ.स.पू. ४७-४६ च्या त्याच्या नाण्यावर पुढे व्हीनस आणि मागे, वृद्ध पित्याला खांद्यावर घेऊन ट्रॉयमधून निघालेला तिचा पुत्र एनियस आहे. इ.स.पू. ४४ मध्ये मात्र सीझरने दर्शनी बाजूवर स्वतःचाच चेहरा आणवला आणि व्हीनसची रवानगी मागच्या बाजूला झाली. हयात रोमन माणसाचा चेहरा रोमच्या टांकसाळीतील नाण्यावर येण्याची ती पहिलीच वेळ होती. ‘सम्राटांची नाणी’ म्हणून आपण जी ओळखतो, त्यांची वाट येथून सुरू होते; त्यामुळे या नाण्याचा उल्लेखही लेखात नसावा, याचे नवल वाटले.

यापुढे अशी छायाचित्रे देताना नाण्याच्या दोन्ही बाजू छापाव्यात आणि शक्य तेथे अधिकाऱ्याचे नाव व सालही द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे