‘दात घास’ ही एक सूचना नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दातांच्या निगेबद्दल छापून येणारा मजकूर बहुधा ‘दिवसातून दोनदा ब्रश करा’ इथे संपतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या घरी अडचण तिथूनच सुरू होते. ‘दात घास’ या दोन शब्दांत दहा-पंधरा कृती दडलेल्या असतात: टोपण काढणे, ट्यूब बेताने दाबणे, ब्रश एका बाजूकडून दुसरीकडे नेणे, थुंकणे. मूल त्यातल्या एखाददुसऱ्या ठिकाणी अडते आणि आपण म्हणतो, ‘त्याला जमतच नाही.’

शिकवायला शेवटून सुरुवात करावी. आधीचे सगळे मोठ्यांनी करायचे. ब्रश धुऊन जागेवर ठेवणे तेवढे मुलाने. ते अंगवळणी पडले की त्याच्या अलीकडची पायरी. काम दरवेळी मुलाच्याच हातून पुरे होते, ही यातली खुबी. हातावर हात धरून मदत करत असाल, तर आपला हात हळूहळू त्याच्या मनगटावर, मग कोपरावर न्यावा. सतत बोलत राहू नये. सूचनेची सवय लागली की तिच्यावाचून मूल हलत नाही. बेसिनपाशी लावलेली पायऱ्यांची चित्रे जास्त उपयोगी.

तोंडाला हात लावू न देणारे मूल हट्टीच असते असे नाही, काहींना तो स्पर्शच सोसत नाही. अशा मुलाला स्पर्शाची सवय हळूहळू लावावी: आधी हात, मग खांदा, गाल, ओठ आणि शेवटी पुढचे दात. त्याला ऐकू येईल असे पाचपर्यंत मोजावे आणि पाचला थांबावेच. ‘अजून थोडंसं’ केले की दुसऱ्या दिवशी तोंड उघडत नाही.

दांडा मुठीत धरवत नसेल, तर त्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवावी. पेस्ट 3 वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, 3 ते 6 वर्षांत वाटाण्याएवढी. मात्र थुंकता येत नसेल, तर वय काहीही असो, ब्रशवर पुसटसा थर पुरे. गिळायला त्रास असलेल्या मुलाला आडवे करू नये. बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून घासावे.

हिरड्यांतून रक्त आले की पालक घाबरून ब्रश बंद करतात. दातांवरचा थर साचल्यानेच बहुतेकदा हिरड्या सुजलेल्या असतात. तेव्हा मऊ ब्रशने, हलक्या हाताने चालूच ठेवावे आणि दंतवैद्यांना दाखवावे. फिट्सवरच्या फेनिटॉइनने हिरड्या वाढू शकतात, पण ते औषध परस्पर थांबवू नये. गोड सिरप रात्री ब्रशच्या आधी द्यावे, नंतर नव्हे.

मूल स्वतः घासू लागले तरी रात्री एकदा मोठ्यांनी ब्रश फिरवावाच. त्यासाठी समोर नव्हे, मागे उभे राहून त्याचे डोके आपल्या छातीला टेकवावे. वरच्या दाढांची गालाकडची बाजू हमखास राहून जाते, कारण मोठा ‘आ’ केला की गाल ताणला जातो आणि ब्रशला जागाच उरत नाही. तोंड अर्धवट मिटायला सांगावे, ब्रश आपसूक आत सरकतो.

— एक विशेष शिक्षिका व एक दंतवैद्य