मामा, तुम्ही जागा झाडून दिलीत

मामा, सप्रेम नमस्कार.

मराठी बोलता येतं पण वाचायला वेळ लागतो, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. माझं कन्नडही बोलण्यापुरतंच आहे, लिहिता येत नाही. म्हणून हे पत्र तुमच्या हाताखालच्या पोराकडून वाचून घ्या. तुमचं नाव यात घातलेलं नाही. "नाव कशाला, काम झालं की" असं म्हणाला होतात, तो शब्द पाळतो. पण आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका शेडपुढं त्या रविवारी सकाळी जे झालं, ते चार लोकांना सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

सहा वर्षं मी तुमच्याकडं रोज संध्याकाळी पिग्मीला, म्हणजे रोजची बचत गोळा करायला, येतो. तुम्ही लेथ थांबवता, कापडाला हात पुसता, पन्नासाची नोट काढून देता, आणि मी पावती फाडतो. एवढंच आपलं बोलणं. तुम्हाला मी "पिग्मीवाले", मला तुम्ही "मिस्त्री". माझ्या डोक्यात त्या वेळी काय चाललेलं असायचं, हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही. आज सांगतो.

माझ्या डोक्यात गाडी चाललेली असायची. रिमोटवरची.

१९९२ साली मी अकरा वर्षांचा होतो. कॅम्पात एका बंगल्याच्या फाटकाबाहेर सायकलवरून एक पाय खाली टेकवून उभा होतो. आत एका लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा लाल मातीत एक गाडी पळवत होता. दुकानात मिळते तसली वायरीची नव्हे. मोठ्या खडबडीत चाकांची, उंचवट्यावरून उडी मारून पुन्हा चारी चाकांवर उतरणारी. तिच्यावर अँटेनाची बारीक तार थरथरत होती. त्यानं मला आत बोलावलं नाही आणि मीही मागितली नाही. पण त्या दिवशी वडगावला घरी येईपर्यंत मी सायकल चालवतच नव्हतो, ती गाडी चालवत होतो. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं तीच चालवत राहिलो.

दुसरं रेल्वे गेट पडलं की लोक हॉर्न वाजवतात, चिडतात. मला ती पाच-दहा मिनिटं हवीशी वाटायची. गेटासमोर उभं राहून मी व्हॅक्सिन डेपोतल्या झाडांमधून गाडी न्यायचो. कुठल्या मुळाशी ब्रेक लावायचा, कुठल्या वळणाला मागची चाकं सरकतील, सगळं मनात ठरलेलं. पिग्मीच्या वहीच्या मागच्या पानांवर ट्रॅक काढलेले आहेत. तामिया कंपनीनं आपली पहिली रिमोटची गाडी, पोर्शे ९३४, १९७६ साली काढली, हे मला तोंडपाठ. ग्रासहॉपर आणि हॉर्नेट दोन्ही १९८४ च्या, हेही. लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायची असेल तर ३.८ वर ठेवायची, आणि ३ च्या खाली गेली की ती कामातून गेली. हे सगळं पाठ, आणि घरात एकही लायपो नाही. पॉलिकार्बोनेटची पारदर्शक बॉडी आतून रंगवतात, त्यामुळं जो रंग पहिल्यांदा मारला तोच बाहेरून दिसतो. मी मनातल्या मनात ती किती वेळा निळी रंगवली असेल, मोजदाद नाही.

२०२१ च्या दिवाळीत ती घेतली. तामियाची टीटी-०२, १:१० मापाची, चारी चाकांना ताकद जाणारी, सुट्ट्या भागांत येते आणि आपण जोडायची असते ती. महिन्याच्या कमाईतला मोठा वाटा त्यात गेला. बायको काही बोलली नाही, एवढंच विचारलं, "चालवशील ना?" चार रात्री बसून जोडली. पाचव्या रात्री मोटरीवर पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, बसवताना चुकलो. त्यात बारीक ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा पेच, असतो, दीड मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीचा. माझ्याकडची की झिजलेली होती. ताकद लावली आणि स्क्रूचं तोंड गोल झालं. पिनियन वाकडं अडकून बसलं, ना पुढं ना मागं.

मग काय काय झालं ते फार सांगत नाही. ज्या मोठ्या शहरातल्या दुकानातून ती घेतली, तिथं फोन केला. पैसे घेताना "सर, सर" म्हणणाऱ्या माणसानं "नवी मोटर घ्या" म्हणून फोन ठेवला. मी अजून प्रश्नच पुरता विचारला नव्हता. गावातल्या एका दुरुस्तीवाल्यानं पंधरा दिवस ठेवून घेतली आणि परत दिली तेव्हा स्क्रू होता तसाच, वर दोन पेच गायब. विचारलं तर म्हणाला, "खेळण्याला एवढं काय घेऊन बसलाय?" दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती, ती हसली. ते हसू मी विसरलो नाही, विसरणारही नाही. काम जमलं नाही याचा राग नाही, प्रत्येकाला प्रत्येक काम जमत नाही. पण समोरच्याच्या जिवाभावाची वस्तू हातात घेऊन त्यालाच हसायचं, याला काय म्हणायचं?

गाडी माळ्यावर गेली. पावसाळा आला, मग गणपती, मग दिवाळीला पोरांचे किल्ले, मग मार्च अखेरची वसुली. आधी कारणं येत होती, नंतर मीच ती आणू लागलो. मनातली गाडी मात्र थांबली नाही, उलट जास्त पळू लागली. वडील दवाखान्यात होते तेव्हा रात्र-रात्र बाहेरच्या बाकावर बसून मी त्या लांब फरशीवरून तिला नेत होतो आणि आणत होतो. त्या रात्री तिनंच काढल्या. म्हणून स्वप्न बघण्याला मी नावं ठेवणार नाही. पण एक गोष्ट त्यात घडते. मनातल्या गाडीचा स्क्रू कधी झिजत नाही, बॅटरी उतरत नाही. ती इतकी सुरेख पळते की माळ्यावरच्या अर्धवट गाडीला हात लावायचा धीर होत नाही. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला झोपताना मी गाडीच्या गोष्टी सांगायचो. एकदा तिनं विचारलं, "बाबा, ती गाडी खरी आहे की गोष्टीतली?"

त्यानंतर मी ती मोटर, पिनियनसकट, माझ्या दुचाकीच्या डिकीत टाकून फिरू लागलो. कुणाला दाखवायची ते ठरत नव्हतं. त्या संध्याकाळी तुमच्याकडं पावतीपुस्तक काढताना ती खाली पडली. तुम्ही उचललीत, उजेडाकडं धरलीत. मी मनाची तयारी केली, आता "पोरासाठी घेतली काय?" हा प्रश्न येणार.

तुम्ही विचारलंत, "ह्याचं बाकीचं कुठं आहे?"

मामा, या चार वर्षांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता.

रविवारी सकाळी सगळं खोकं घेऊन आलो. ग्रब स्क्रू कसा काढलात ते मला सांगताही येणार नाही, मी तोंड फिरवून उभा होतो. "आतु", झालं, म्हणालात आणि बघितलं तर मोटर एका हातात, पिनियन दुसऱ्या हातात, शाफ्टवर ओरखडासुद्धा नाही. मग शाफ्टच्या एका बाजूला नखानं टिचकी मारून दाखवलंत की इथं तो चपटा केलेला आहे, स्क्रू बरोबर याच जागी बसायला हवा. मी तो गोल बाजूवर पिळत होतो. माहितीपत्रकात चित्र होतं, पण ते चित्र माझ्या हाताला कधी कळलंच नव्हतं. बाकीचं तुम्ही केलं नाहीत. स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिलात. प्लॅस्टिकमध्ये एकदा बसलेला पेच परत बसवताना आधी उलटा फिरवायचा, आत जुन्या आट्यात "टक्" करून उतरला की मगच सुलटा, नाहीतर नवा आटा पडतो आणि प्लॅस्टिक सैल होतं. हे तुम्ही सांगितलंत आणि पहिल्या पेचाला माझ्या बोटांना ते "टक्" लागलं. मी घाई करू लागलो तसं तुम्ही म्हणालात, "सावकाश, तम्मा." सावकाश हा शब्द तुमच्या भाषेतही तोच, आमच्या भाषेतही तोच. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मी पिग्मीवाले नव्हतो, तम्मा होतो, धाकटा भाऊ.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ती गोष्ट याच्या पुढची आहे.

बॅटरी चार्ज करून घरूनच आणली होती. जोडली, चाकं अधांतरी फिरवून बघितली, सगळं ठीक. मी गाडी उचलून शेडपुढच्या कोब्यावर ठेवायला निघालो, तर तुम्ही हात आडवा केलात. आत गेलात आणि खराटा घेऊन आलात. त्या पोराला न सांगता स्वतः झाडायला लागलात. फाटकापासून शेडच्या उंबऱ्यापर्यंत सगळं. निळसर वेटोळ्यांचा कीस, खिळे, बारीक खडी, सगळं कडेला. गुडघा दुखतो म्हणून तुम्ही स्टुलावर बसून काम करता हे मला माहीत आहे. मी खराटा मागितला तर दिला नाहीत.

मला वाटलं झालं. तुम्ही पुन्हा आत गेलात. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलंत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आणि सुतळीला बांधलेलं. ते जमिनीवरून ओढत तुम्ही त्या झाडलेल्या जागेवर पुन्हा एकदा फिरलात, शेतात पाळी घालावी तसे, एकेक पट्टा. दर दोन-तीन फेऱ्यांनी पिशवी उलटी करून झटकत होतात आणि काळी भुकटी खाली पडत होती. मी बघतच राहिलो. तुम्ही म्हणालात, "मोटरीत लोहचुंबक असतं. बारीक कीस आत ओढून घेतं, मग जाम."

दिवसभर त्याच कीसात वावरणारा माणूस, ज्याचं पोट नगावर चालतं, तो रविवारच्या सकाळी एका चाळीशी उलटलेल्या माणसाच्या खेळण्यासाठी जमिनीवरून चुंबक फिरवत होता. हसत नव्हता, उपकारही करत नव्हता. एखादा जॉब मशीनवर चढवण्याआधी चक पुसून घ्यावा, तसं चाललं होतं. माझं इतक्या वर्षांचं स्वप्न तुमच्या दृष्टीनं एक काम होतं, आणि काम म्हटलं की ते नीट करायचं. मला नुसतं "छान आहे हो छंद" म्हणणारेही भेटलेत. जागा झाडून देणारे तुम्ही एकटे.

मग गाडी धावली. बॉडी नव्हती, ती अजून रंगवलेली नाही, त्यामुळं नुसता सांगाडा, वायरी दिसतायत, मधला शाफ्ट फिरतोय. मनातल्या गाडीसारखी ती मुळीच नव्हती. डावीकडं ओढत होती. पहिल्याच वळणाला मी तिला तुमच्या पाण्याच्या बॅरलवर नेऊन आदळलं. आवाज होता मिक्सरसारखा. आणि ती माझ्या बोटाच्या इशाऱ्यावर थांबत होती, मागं येत होती, कोब्याच्या कडेवरून उडून परत उतरत होती. तुमचं पोर ओरडत मागं धावत होतं, तुम्ही त्याला "नोडो, नोडो", बघ, बघ, म्हणत होतात. पंधरा-वीस मिनिटांत बॅटरी उतरली. माझे हात बराच वेळ थरथरत होते.

पैसे विचारले तर तुम्ही म्हणालात, पिग्मीत टाका.

लोहारकामाची, मशीनची मोठी परंपरा आपल्या या गावाला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचं दुकान इथंच काढलं, त्यांच्या नावाचा रस्ता आपण रोज ओलांडतो. मोठ्यांची नावं रस्त्याला लागतात आणि लागायलाच हवीत. पण मला वाटतं हे गाव उभं आहे ते तुमच्यासारख्यांवर. आपल्याकडं माणूस कुठल्या भाषेचा यावरून काय काय होतं, हे तुम्हीही बघितलंय, मीही बघितलंय. त्या शेडपुढं ते कुणाच्या मनातही आलं नाही. तुमच्या हाताला समोरची वस्तू कळते आणि वस्तूमागचा माणूसही कळतो, हा चांगुलपणा शाळेत शिकवत नाहीत. तो कुठून येतो ते मला सांगता येत नाही. दिसला की ओळखू येतो, एवढं खरं.

त्यानंतर आजपर्यंत सात रविवार गेले. त्यातले पाच मी गाडी चालवली, एका रविवारी पाऊस होता आणि एकदा मुलीला ताप. दुसऱ्या गेटाला अजूनही उभा राहतो, अजूनही मनात गाडी असते. पण आता त्या गाडीचं पुढचं डावं चाक जरा कुरकुरतं, कारण खऱ्या गाडीचं कुरकुरतं. मुलगी परवा रिमोट घेऊन बसली आणि तिनं ती गाडी तुळशीकट्ट्याभोवती तीन वेळा फिरवली. गोष्ट सांग म्हणाली नाही. बॉडी पुढच्या आठवड्यात रंगवतोय. निळीच. रंग आपणच निवडला असं ती म्हणते, मी काही बोललो नाही.

एक काम आहे, मामा. पुढचा बंपर मधोमध तडकलाय. नवा मागवता येईल, पण जाड पत्र्याची एक पट्टी आतून दिली तर टिकेल असं मला वाटतं. तुम्ही बघून सांगा. शनिवारी पिग्मीला येताना घेऊन येतो. येताना कुंदा आणणार होतो, पण तुमची साखर वाढली आहे असं पोरगा म्हणाला, तर काय आणू ते त्याच्याकडं सांगून ठेवा.

तुमचा,
वडगावचा तम्मा