ब्रेकचा आवाज दाबून मागू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिपळूणला कराड रस्त्यावर माझं गॅरेज आहे. गणपती जवळ आले की कुंभार्ली घाट उतरलेल्या पुण्या-कराडच्या गाड्या दारात थांबतात आणि मालक म्हणतात, "ब्रेक चिरकतायत, तेवढा आवाज बंद करून द्या, पुढे गुहागर गाठायचंय." या मागणीबद्दलच लिहितोय.

ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, म्हणजे डिस्कला, जे आवळतं ते ब्रेक पॅड. बऱ्याच गाड्यांच्या पॅडला पत्र्याची एक बारीक पट्टी असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती डिस्कला घासते आणि चिरकते. आवाज यावा म्हणूनच ती बसवलेली असते. पॅड पॉलिश पेपरने घासून किंवा ती पट्टीच वाकवून आवाज चार दिवस गप्प करता येतो. तसं करून देणारे आहेत आणि मागणारे त्याहून जास्त. मी करत नाही, गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल. पॅडवरचा थर संपला की मागची लोखंडी प्लेट डिस्कवर घासू लागते. चिरकणं जाऊन खरखर येते, गाडी लांब जाऊन थांबते आणि पॅडबरोबर डिस्कचाही खर्च येतो. त्यात पेट्रोल वाचवायला कोणी घाट न्यूट्रलमध्ये उतरत असेल, तर सगळा भार त्याच झिजलेल्या पॅडवर. कृपा करून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा.

सगळेच आवाज घाबरण्यासारखे नसतात. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो, सकाळी पहिल्या काही ब्रेकला खरखर होते आणि जाते. डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडी अडकली तर आवाज भयंकर येतो, पण खडी काढली की संपलं. गाडी सुरू करताना किंवा एसी लावताना बॉनेटखालून चीं आली तर बेल्ट बघावा, बहुधा सैल झालेला किंवा कडक पडलेला असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना चाकाकडून कटकट आली तर एक्सलच्या जॉइंटवरचं रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस गेलेलं असण्याची शक्यता मोठी. वेगाबरोबर वाढत जाणारी घूं बहुतेक वेळा बेअरिंगची निघते.

गॅरेजला येण्याआधी गाणी बंद करा, काचा खाली घ्या आणि एखाद्या भिंतीच्या कडेने सावकाश चालवून बघा. भिंतीवर आपटून आवाज स्पष्ट ऐकू येतो. गाडी थंड असताना येतो की तापल्यावर, ब्रेक दाबला की सोडला की, डावीकडून की उजवीकडून, एवढं सांगितलंत तर आमचा निम्मा वेळ वाचतो आणि नको ते पार्ट बदलले जात नाहीत. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच-गिअरबरोबर हेही शिकवायला हवं.

माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे. जुनं पॅड काढलं की ते गिऱ्हाईकाच्या हातात द्या, नवीन शेजारी धरून दाखवा आणि मगच बिल करा.

आपला,
एक गॅरेजचालक, चिपळूण