कृपा ही पापाची मुभा नव्हे

माननीय संपादक,

देव केवळ विश्वासावर क्षमा करत असेल, तर माणसाने जन्मभर मनमानी करावी आणि अखेरीस पश्चात्ताप करून मोकळे व्हावे, असा आक्षेप ख्रिस्ती तारणाच्या, म्हणजे पापातून सुटकेच्या, शिकवणीवर वारंवार घेतला जातो. तो नवा नाही. कृपा वाढावी म्हणून पापातच राहावे काय, हा प्रश्न येशूचा प्रेषित पौल याने बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच उपस्थित करून ठामपणे नाकारला आहे.

मला अधिक खटकते ते काही उपदेशकांचे उत्तर. कृपा स्वस्त वाटू नये म्हणून ते पश्चात्तापालाच तिची किंमत ठरवतात. माणूस पुरेसा रडला, पुरेसा झुरला, म्हणून देव द्रवला, असे त्यातून सूचित होते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तारण हे देवाचे दान म्हटले आहे, ते कोणी बढाई मारू नये म्हणून. आणि बढाई अश्रूंचीही मारता येते.

लूकच्या शुभवर्तमानातील, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातील, जक्कयाच्या कथेत घटनांचा क्रम पाहावा. लोकांना नाडून श्रीमंत झालेल्या या मुख्य जकातदाराने अद्याप काहीही कबूल केलेले नसताना येशू त्याच्या घरी उतरण्याचे ठरवतो. त्यानंतर जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन देतो. बायबलच्या जुन्या करारातील गणना ग्रंथाच्या पाचव्या अध्यायातील नियमानुसार, अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम व तिचा पाचवा हिस्सा दिला तरी पुरेसे होते. एवढे औदार्य दंडाच्या भीतीने येत नाही. आपण आधीच स्वीकारले गेलो आहोत, हे कळलेला माणूसच असा हात मोकळा सोडू शकतो. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या पश्चात्तापी गुन्हेगाराला भरपाईसाठी वेळच उरला नव्हता, तरी त्याला सुखलोकाचे वचन मिळाले.

देव माणसाला कशामुळे स्वीकारतो, याच प्रश्नावरून सोळाव्या शतकात पाश्चात्त्य ख्रिस्तमंडळी दुभंगली होती. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि लुथरन (सुधारक मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतील) प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि देव आपल्याला आपल्या पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने स्वीकारतो व सत्कर्मांसाठी सिद्ध करतो, असे एकमुखाने मान्य केले.

म्हणूनच उपदेशकांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी क्षमेची घोषणा कोणतीही अट न घालता करावी आणि ज्याने दुसऱ्याचे काही बळकावले आहे, त्याला ते परत करण्यासही तितक्याच स्पष्टपणे सांगावे.

आपला,
एक वाचक