यादीतली शेवटची ओळ

नौपाडा, ठाणे

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या गेमिंग कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची यादी वाचली. वरच्या ओळी तू मन लावून निवडल्यास हे दिसतंच, पण माझं घोडं शेवटच्या ओळीपाशी अडलं: ‘एसएमपीएस – कॅबिनेटसोबत येतो तोच’. लाखभराच्या सामानाला वीज देणारी वस्तू फुकट मिळाली म्हणून लावायची नसते गं. म्हणून मी यादी तळापासूनच घेते.

कॅबिनेट म्हणजे बाहेरची पेटी. तिच्यासोबतच्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० किंवा ५०० वॉट छापलेलं असतं. तो आकडा सोड, बाजूच्या स्टिकरवरचा तक्ता वाच. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघ आणि १२ ने गुण. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही बहुतेक सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात. स्वस्तातल्या डब्यात हा गुणाकार छापील आकड्यापेक्षा बराच कमी भरतो. उरलेले वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेले असतात आणि आजच्या मशीनला ते फारसे लागत नाहीत. चांगल्या ६५० वॉटच्या सप्लायवर, म्हणजे एसएमपीएसवरच, १२ व्होल्टला साधारण ५४ अँपिअर लिहिलेले दिसतील, म्हणजे ६४८ वॉट. याला म्हणायचं खरे ६५०.

आपला हिशेब असा. मी पुढे सुचवणार आहे तो प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॉट खातो, कार्ड १८०. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ६० धर. झाले ३३० च्या आसपास. कार्ड क्षणभरासाठी याहून जास्त ओढतं आणि पुढे कधी मोठं कार्ड घ्यावंसं वाटेलच, म्हणून ६५० वॉट, ८० प्लस गोल्ड. ‘गोल्ड’ ही खूण फक्त एवढंच सांगते की भिंतीतून ओढलेल्या विजेपैकी वाया किती कमी जाते. आतला माल किती टिकाऊ आहे हे वॉरंटीच्या वर्षांवरून ओळखायचं. ७ किंवा १० वर्षं लिहिलेली असतील तर बनवणाऱ्याला स्वतःच्या मालाची खात्री आहे. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणारा, घेतलास तर त्याच्या केबल त्याच डब्यात जपून ठेव. दुसऱ्या कंपनीची, कधी कधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलची केबलही खाचेत अगदी बरोबर बसते, पण सप्लायच्या बाजूच्या पिनांची मांडणी वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्डडिस्क जागच्या जागी संपते.

आता वरच्या ओळी. रायझन ७ ७८००एक्स३डी आणि त्याच्या जोडीला ८ जीबी मेमरीचं ग्राफिक कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तो प्रोसेसर उत्तमच आहे, त्याच्या पोटातल्या ९६ एमबी वेगवान मेमरीमुळे (कॅश) खेळांत फ्रेम, म्हणजे सेकंदाला चित्रं, भरपूर मिळतात. पण तू मॉनिटर निवडलायस २७ इंची, १४४० पी, १८० हर्ट्झचा. सेकंदाला १८० पेक्षा जास्त चित्रं तो दाखवूच शकत नाही. व्हॅलोरंटसारखा हलका खेळ रायझन ५ ७६०० वरही त्या मर्यादेच्या पलीकडे जातो. जड खेळांत १४४० पी ला दम कार्डाचा लागतो, आणि तिथे ८ जीबी आजच अपुरी पडते. टेक्श्चर, म्हणजे खेळातल्या भिंती-जमिनीवर चिकटवलेली चित्रं, कार्डाच्या मेमरीत मावले नाहीत की ते साध्या रॅममध्ये ढकलले जातात. मग सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात, पण वळताना चित्र अडखळतं, किंवा भिंतींवरची चित्रं पुसटच राहतात.

तेव्हा प्रोसेसर रायझन ५ ७६००, ६ कोअर, सोबत पंखा मिळतो (७६००एक्स सोबत मिळत नाही, एका अक्षराचा फरक). वाचलेले पैसे कार्डात घाल. तुला ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअरही शिकायचंय, म्हणून एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबी. ब्लेंडरमधलं रेंडरिंग, म्हणजे शेवटचं चित्र तयार करणं, एनव्हिडियावर वेगात चालतं. नुसते खेळच असते तर एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी हेही मी आनंदाने घेऊ दिलं असतं. दोन्ही कार्डं त्याच नावाने ८ जीबीतही विकली जातात, खोकं जवळजवळ सारखंच. बिल करताना ‘१६ जीबी’ हे शब्द बिलावर लिहून घे.

मदरबोर्ड बी६५०, वायफायवाला, कारण घणसोलीच्या फ्लॅटमध्ये राउटर हॉलमध्ये आहे आणि भाड्याच्या भिंतीला भोकं पाडता येणार नाहीत. खोक्यात दोन छोटे अँटेना असतात, ते मागे फिरवून बसव. ते खोक्यातच राहतात आणि मग ‘वायफाय कमी येतं’ म्हणून बोर्डाला बोल लागतो. एएम५ हा सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, २०२२ साली आला आणि एएमडी त्याला २०२७ पर्यंत तरी धरून राहणार म्हणते. म्हणजे तीन वर्षांनी तुझा तो एक्स३डी याच बोर्डावर बसेल, फक्त आधी बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अपडेट करायला लागेल. त्यासाठी मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड बघ.

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढलेत, त्यामुळे इथे हात आखडावासा वाटेल. तरी डीडीआर५, वेग ६०००, सीएल ३० (खोक्यावर असंच लिहिलेलं असतं), १६ जीबीच्या दोन पट्ट्या एकाच पाकिटातल्या घे. ८ जीबीच्या दोन घेऊन ‘पुढे आणखी दोन लावू’ हा बेत करू नकोस. डीडीआर५ च्या ८ जीबी पट्टीत चिपा निम्म्या असतात आणि ती मुळातच हळू चालते. त्यातून चार पट्ट्या झाल्या की या प्रोसेसरचा अधिकृत वेग ५२०० वरून ३६०० वर येतो. रंगीत दिव्यांची रॅम नको. दिव्यांचे पैसे वेगळे, शिवाय उंची वाढली की पुढे मोठा कूलर घेताना अडते.

एसएसडी १ टीबी, माहितीत जेन४, एनव्हीएमई, टीएलसी हे तिन्ही शब्द बघ. जेन५ चा खेळांना उपयोग जाणवत नाही आणि ती तापते. पुढे.

३६० एमएमचा लिक्विड कूलर खोड. ८८ वॉटच्या प्रोसेसरला तो म्हणजे पोह्यांना कढई लग्नाची. सोबतचा पंखा पुरतो, फक्त आवाज करतो. आवाज सहन झाला नाही तर दोन महिन्यांनी साधा १२० एमएमचा टॉवर कूलर लाव. काचेच्या तोंडाचं कॅबिनेटही नको. मे महिन्यात तुझ्या खोलीत ३४ अंश असतात, आणि पंखा हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही. काचेमागे हवा कोंडली की कार्ड स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. पुढे जाळी, जाळीमागे निघणारा फिल्टर, पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर. आत जास्त, बाहेर कमी अशी हवा असली की फटींतून धूळ शिरत नाही. तुमच्या इमारतीसमोर बांधकाम चालू आहे, फिल्टर पंधरवड्याला धूत जा आणि पूर्ण वाळल्यावरच लाव. कॅबिनेटच्या माहितीत कार्डाची कमाल लांबी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. तीन पंख्यांची कार्डं ३०० च्या पुढे जातात, तेव्हा आधी पट्टीने हिशेब, मग खरेदी.

खरेदीला मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असशील तर रविवारी नको. बहुतेक दुकानं बंद असतात आणि वर मेगाब्लॉक. ठाण्याहून फास्ट लोकलने दादर, तिथून पश्चिमेची स्लो गाडी, ग्रँट रोडला उतर. फास्ट तिथे थांबत नाही. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, कार्ड हातात आण. कॅबिनेट आणि मॉनिटर घरपोच मागव, संध्याकाळच्या लोकलमध्ये ते खोकं घेऊन चढणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. प्रोसेसर ‘ट्रे’मधला, म्हणजे खोक्याशिवाय सुटा, स्वस्त देतो म्हणतील. त्याला कंपनीची वॉरंटी ग्राहकाकडून थेट मागता येत नाही, जो काही भरवसा तो दुकानदाराचा. खोकाबंदच घे. बिल जीएसटीचं, तुझ्या नावाचं, प्रत्येक वस्तूच्या सीरियल नंबरसह. कार्ड कोणत्या अधिकृत वितरकाकडून आलंय ते खोक्यावरच्या स्टिकरवर दिसतं. तो स्टिकर नसेल तर माल बाहेरून आलेला आहे आणि भारतात कुणी दाद देणार नाही. ऑनलाइन आलेलं पार्सल फोडताना न थांबता व्हिडिओ काढ, सुरुवात लेबलापासून.

जोडणी तुझी तू कर, दुकानात नको. संध्याकाळ जाईल एवढंच. काही ठिकाणी मात्र घाई नको.

एएम५ च्या प्रोसेसरला पिना नसतात, त्या सॉकेटमध्ये असतात, १७१८. केसासारख्या बारीक. प्रोसेसर दोन कडांना धरून, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून, सरळ वरून ठेव. सरकवायचा नाही. तरफ दाबताना थोडा जोर लागतो आणि काळं प्लास्टिकचं झाकण आपोआप उडतं, दचकू नकोस. ते झाकण फेकू नको. वॉरंटीत बोर्ड द्यायची वेळ आली तर त्याच्याशिवाय घेत नाहीत, आणि वाकलेल्या पिना वॉरंटीत बसत नाहीत.

रॅमच्या चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी. कट् असा आवाज यायला हवा. कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली पितळी खुंट्या असतात. बोर्डाच्या भोकांशी जुळत नाही ती खुंटी काढून टाक, नाहीतर ती बोर्डाच्या पाठीला टेकते आणि मशीन चालूच होत नाही. एसएसडीच्या हीटसिंकखाली निळसर फिल्म असते, ती सोलायची. सोबतच्या पंख्याला पेस्ट आधीच लावलेली असते, तिला बोट लावू नकोस आणि वरून दुसरीही नको.

वीज दोन ठिकाणी नक्की तपास. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरचा ८ पिनी जोड असतो. तो विसरला की पंखे फिरतात पण पडदा काळाच. कार्डाचा ८ पिनी जोड वेगळा, त्याचे तुकडे ६ आणि २, प्रोसेसरचे ४ आणि ४. कार्डाला नवा १६ पिनी जोड असेल तर तो इतका आत दाब की फट दिसता कामा नये. अर्धवट बसलेला जोड तापून वितळतो. मॉनिटरची केबल कार्डाला लाव, वर बोर्डाला जी जागा दिसते तिला नाही.

पहिल्यांदा चालू केलंस की काही मिनिटं काहीच दिसणार नाही. डीडीआर५ रॅमची पहिल्या वेळी तालीम चालते. बोर्डावरचा ‘डीरॅम’चा दिवा पेटलेला राहतो. इथेच लोक घाबरून वीज तोडतात आणि तालीम पुन्हा पहिल्यापासून. चहा टाक. १५ मिनिटांनीही दिवा तसाच असेल, तर वीज बंद करून एकच पट्टी, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या क्रमांकाच्या खाचेत घालून बघ.

बायोसमध्ये गेल्यावर एक्स्पो (रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू कर, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर धावत बसते. सिक्युअर बूटही चालू असू दे, विंडोज ११ वर व्हॅलोरंट त्याच्याशिवाय उघडत नाही. विंडोज आल्यावर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १८० हर्ट्झ हाताने निवड. मूळ सेटिंग ६० असतं, आणि महागडा मॉनिटर वर्षभर ६० वर चालवणारे कमी नाहीत. जड खेळात प्रोसेसर ८०-८५ अंश दाखवेल. या चिपची मर्यादा ९५ आहे, तेव्हा काळजी नको.

रोज तीन तास खेळलीस तर मॉनिटरसकट दिवसाला एक युनिट धर, महिन्याला तीस-पस्तीस. महावितरणचा दुसरा टप्पा १०१ युनिटला सुरू होतो. तुम्ही तिघी सध्या शंभराच्या आत असाल तर बिल कसं वाटायचं ते आधीच ठरवा.

वीज गेल्यावर मशीन चालू ठेवणारा यूपीएस घ्यायचा तर व्हीए बघू नको, वॉट बघ. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचाच असतो. तुला १००० व्हीए, ६०० वॉट लागेल. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की पायरीपायरीची वीज देतो आणि काही चांगले सप्लाय ती नाकारून बंद पडतात. म्हणून आणल्या दिवशीच, परत करायची मुदत असताना, खेळ चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद करून बघ.

आणि अर्थिंग. एसएमपीएसमध्ये शिरतानाच दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला, एक न्यूट्रलपासून पत्र्याला. विजेतला गोंगाट ते अर्थिंगमध्ये सोडतात. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्मं व्होल्टेज, ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. अनवाणी पायाने हात लावला की मुंग्या येतात. करंट बारीक असतो, माणसाला फारसं काही होत नाही, पण चालू मशीनला मॉनिटरची एचडीएमआय केबल लावताना तोच करंट केबलमधून वाट काढतो आणि पोर्ट जातो. एसएमपीएस कितीही चांगला घे, भिंतीतली तिसरी तार रिकामी असेल तर उपयोग नाही. जुन्या फ्लॅटांत तीन भोकांचे सॉकेट असतात आणि मागे ताराच दोन.

माझ्याकडे तीन दिव्यांचा टेस्टर आहे. शनिवारी ठाण्याला गाडी बदलशीलच, तेव्हा घरी येऊन तो घेऊन जा. तुझ्या टेबलाजवळच्या सॉकेटमध्ये खोच आणि कोणते दिवे पेटतात त्याचा फोटो मला पाठव. अर्थिंग नाही असं निघालं तर आधी घरमालकांना फोन कर, पैसे भरायचे ते इलेक्ट्रिशियन येऊन गेल्यावर.

तुझी,
आई