रोडकिंगचं टोकन द्यायच्या आधी

भावा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो, नीट बोलता आलं नाही. आणि हे सगळं फोनवर सांगून होणारही नाही, म्हणून आज जेवण झाल्यावर लिहायलाच बसलोय. तू म्हणालास कराडजवळ एका वाड्याच्या गोठ्यात १९८४ ची येझडी रोडकिंग मोटारसायकल उभी आहे, मालक पंचवीस हजार सांगतोय आणि तू रविवारी टोकन देऊन येणार. घे, नक्की घे, मी अडवत नाहीये. पण माझ्या गाडीला चौदा महिने लागले, त्यातले निदान पाच-सहा तरी तुझे वाचावेत असं मनापासून वाटतं, म्हणून हे वाचून मगच टोकन दे.

पहिलं कागद. आरसी बुक बघितल्याशिवाय एक रुपया काढू नको. चॅसिसवरचा आणि इंजिनवरचा नंबर वायर ब्रशने साफ कर, वर कागद ठेवून पेन्सिल घास, आणि आलेला नंबर आरसीशी अक्षर न अक्षर ताडून बघ. गाडी जर मालकाच्या वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतील, आणि त्या मिळवायला इंजिन खोलण्यापेक्षा जास्त वेळ जातो. पासिंग १५ वर्षांनी संपलेलं असतं, पुढे दर ५ वर्षांनी करावं लागतं, वर पर्यावरण कर, ते सगळं किती वर्षांचं थकलंय तेही विचार. आणि मालक 'व्हिंटेज आहे, व्हिंटेज आहे' म्हणून भाव वाढवत असेल तर त्याला सांग की २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झालेली गाडी. १९८४ ची अजून तिथं पोचलेली नाही.

दुसरं, गाडीवर काय काय नाहीये त्याची यादी कर. इंजिन जाम असलं तरी चालेल, ते सुटतं. पण दोन्ही सायलेन्सर, साइडचे डबे, हेडलाइटची वाटी, कार्बोरेटर, डायनामो, ह्यातलं काय गायब असेल तर ते शोधण्यात तुझे रविवार जाणार. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मिळतं कधीकधी, मी तिथून एक ओरिजिनल कार्बोरेटर उचलला, पण त्यासाठी चार फेऱ्या झाल्या. येझडीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला रे, आता जे मिळतं ते एक तर कुणीतरी जपून ठेवलेलं नाहीतर नंतर कुणीतरी बनवलेलं, आणि नंतरच्यातलं बरंचसं मापाला येत नाही.

माझी गाडी तुला माहितीये, मामांची, १९८१ ची. आपण कॉलेजात असताना तिघं तिघं बसून इचलकरंजीला गेलोय तिच्यावर. रंकाळ्यावर पहिल्यांदा तुझ्या हातात दिली तेव्हा तू उजवीकडे किक शोधत होतास आणि मामा हसत हसत म्हणाले होते, डावीकडे बघ, गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरव, तीच किक. मला त्या दांड्याचं अजूनही नवल वाटतं. किकही तोच, गिअरही तोच, आणि गिअर टाकताना तोच दांडा आतून क्लच पण सोडवतो, म्हणजे हाताने क्लच नाही दाबला तरी गिअर पडतो. एवढा विचार करून कुणीतरी हे बनवलं, आणि आपण ते वापरून सोडून दिलं. मामांनी २००४ नंतर चालवली नाही. गेल्या वर्षी मामी म्हणाल्या, तू नाही नेलीस तर भंगारवाल्याला देते. त्याच दिवशी छोटा हत्ती करून आणली.

आणल्या आणल्या मला रंगाची घाई झाली होती. ते तू करू नको. रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी, कारण इंजिन दोनदा चढवावं-उतरवावं लागतं, आणि माझ्या चॅसिसचा रंग असाच दोन जागी उडाला. मी टाकी आणि रिमा आधीच क्रोमला देऊन टाकल्या होत्या, त्या माणसाने बफिंग इतकं केलं की रिमवरच्या स्पोकच्या भोकांच्या कडाच झिजल्या, आणि वर चार छोटे पार्ट हरवले ते वेगळेच. देताना प्रत्येक वस्तू मोजून, फोटो काढून, लिहून दे.

खोलताना प्रत्येक टप्प्याला फोटो काढ, वायरचा रंग दिसेल असा जवळून. मी आईकडून श्रीखंडाचे रिकामे डबे घेतले, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, 'डावं कव्हर', 'क्लच', 'हेड', आणि त्यात जे निघालं ते सगळं, तुटका वॉशरसुद्धा. आठ महिन्यांनी जोडताना कुठला स्क्रू लांब आणि कुठला आखूड हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. टाकीतला गंज मी लिंबूसत्वाने काढला, गरम पाण्यात विरघळवून दीड दिवस ठेवलं, आत मूठभर नट टाकून हलवलं, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं आणि लगेच वाळवून आत टू-टी ऑइल (टू स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) फिरवलं. हे लगेच करायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत परत गंज धरतो.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहितोय.

टू स्ट्रोक इंजिन म्हणजे आधी एक पंप आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तरी माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. फोर स्ट्रोक बुलेटच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकचा दांडा फिरतो त्या खालच्या डब्यात, नुसतं ऑइल असतं, तिथून थोडी हवा इकडची तिकडे झाली तर फार बिघडत नाही. आपल्या येझडीत पेट्रोल-ऑइल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली येताना ते तिथं दाबलं जातं आणि मग बाजूच्या पोर्टमधून वर चढतं. म्हणजे क्रँककेस हवाबंदच पाहिजे. क्रँकची ऑइल सीलं, खालचं पॅकिंग, दोन अर्ध्या केसांचा जोड, ह्यातलं एक जरी हवा खात असेल तर मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी, ऑइलही त्यातच असतं म्हणून तेही कमी, इंजिन तापणार आणि पिस्टन धरणार, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होणार. आणि डावं सील गेलं तर ते गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं, मागे पांढरा धूर सुटतो आणि लोक पिस्टनच्या रिंगा बदलत बसतात.

मी सगळी सीलं नवीन टाकली होती. बेअरिंगं नवीन. उद्यमनगरात एका वयस्कर मिस्त्रींकडे क्रँक दिली, त्यांनी प्रेसवर दाबून नवीन कनेक्टिंग रॉड टाकला आणि डायल लावून तांब्याच्या हातोडीने ठोकत ठोकत ती सरळ केली, मी दोन तास नुसता बघत उभा होतो. असं काम आपल्या कोल्हापुरात चालत जाऊन करून मिळतं हे आपलं नशीब आहे. बोअरला, म्हणजे सिलिंडरचं भोक मोठं करून घ्यायला, मात्र पिस्टन हातात घेऊनच जायचं, हे त्यांनी शिकवलं. मूळ बोअर ६५ मिलिमीटर, माझा आधीच ६५.५० झाला होता, मग ६५.७५ चा पिस्टन आणला, तो मोजला आणि त्या पिस्टनच्या मापाने सिलिंडर केला. नुसतं 'पुढचा साइज मारून द्या' म्हणायचं नाही, कारण दोन कंपन्यांचे एकाच साइजचे पिस्टन सारखे नसतात.

बेअरिंग बसवायला मी बेअरिंगं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली आणि केस ओव्हनमध्ये गरम केली, पाण्याचा थेंब टाकला की नाचला पाहिजे इतकी. मग बेअरिंग हातातनं सोडलं आणि ते आपोआप आत जाऊन बसलं, ठोकावं लागलं नाही. आई शेजारी उभी होती, ती म्हणाली, बसलं की रे! त्या दिवशी झोप लागली नाही मला.

चूक त्याच्याही आधी झाली होती. इंजिन खोलताना केसचे दोन भाग सुटत नव्हते, आणि मी त्या जोडात स्क्रूड्रायव्हर घालून पीळ दिला. सुटले, पण खालच्या बाजूला जोडाच्या तोंडावर अंदाजे दोन सेंटीमीटरची खोच पडली. नख लावलं तर अडकत होतं. मला वाटलं पॅकिंग सोल्युशनने भरून निघेल.

गाडी सुरू झाली तो दिवस मी विसरणार नाही. सातव्या-आठव्या किकला धरली, दोन्ही सायलेन्सरमधून तो आवाज आला आणि मामी ओट्यावरून उठून बाहेर आल्या, काही बोलल्या नाहीत, नुसता सीटवर हात ठेवला. पण एक गोष्ट मला तेव्हाच दिसायला पाहिजे होती. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन लगेच खाली येत नव्हतं, दोन-तीन सेकंद तसंच वर घुमत राहायचं. मला वाटलं केबल अडकतेय, केबलला ऑइल दिलं आणि सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पन्हाळ्याला निघालो. वाघबीळच्या पुढे चढाला आवाज बदलला, आधी बारीक किणकिण, मग एकदम ताकद गेली आणि मागचं चाक जाम. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. इकडं लक्ष दे, पहिले हजार किलोमीटर कायम दोन बोटं क्लचवर ठेव.

प्लग काढला तर पांढरा फटक. बरं चाललेल्या इंजिनाचा प्लग चहाच्या रंगाचा असतो, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. पिस्टनवर एग्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. नवीन पिस्टन, नवीन बोअर, सगळं गेलं.

त्याच मिस्त्रींकडे गेलो, ते रागावले नाहीत. म्हणाले, हवा भरून बघितली होती का? मग दाखवलं. सायलेन्सरच्या दोन्ही तोंडांना आणि कार्बोरेटरच्या जागी सायकलच्या ट्यूबचं रबर लावून लाकडी गुल्ल्या आवळल्या, प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपाने हवा दिली, दाबाच्या घड्याळावर ६ पीएसआय, त्याच्या वर जायचं नाही नाहीतर सीलं उलटतात. काटा बघता बघता उतरला. साबणाचं पाणी सोडलं तर बरोबर त्या खोचेतून बुडबुडे. एवढं साधं, वीस मिनिटांचं काम, आणि मी ते सुरू करायच्या आधी केलं असतं तर पिस्टन वाचला असता. मग ती खोच ॲल्युमिनियम वेल्डिंगने भरून घेतली, काचेवर पॉलिश पेपर ठेवून तोंड हळूहळू सपाट केलं, सिलिंडर ६६ ला नेला आणि परत हवा भरली. ह्या वेळी सहा मिनिटं काटा हलला नाही. ते बघून मला गाडी सुरू झाली त्यापेक्षा जास्त आनंद झाला, खरंच.

म्हणून केस सोडवायला स्क्रूड्रायव्हर अजिबात नाही. गरम करायची, लाकडाने किंवा रबरी हातोडीने ठोकायचं, आणि तरी सुटली नाही तर कुठेतरी एखादा स्क्रू राहिलाय असं समजून परत शोधायचं. माझा तसा एक राहिलाच होता, ग्रीसखाली झाकलेला.

बाकीचं थोडक्यात. प्लगची ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची गॅप ०.४ मिलिमीटर, आणि टायमिंग बघायला पॉइंटमध्ये पातळ कागद धरायचा, तो सुटतो तिथं पॉइंट उघडतोय. वायरिंग पूर्ण नवीन कर, उंदरांनी खाल्लेल्या वायरीला टेप लावत बसू नको. स्पोक एकदम आवळू नको, थोडे थोडे. पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला किती ते त्या मिस्त्रींनाच विचारू, नवीन बोअरला ते थोडं जास्त सांगतात. खर्च माझा गाडी सोडून अठ्ठ्याहत्तर हजार झाला, त्यात पहिला वाया गेलेला बोअर आणि पिस्टन धरून. तुझा कमी होईल.

आता गाडी अकराशे किलोमीटर चाललीये. पन्हाळा दोनदा झाला, दुसऱ्या वेळी मागे मामी होत्या.

रविवारी मी येतो. सहाची एसटी पकडली की नऊपर्यंत कराड स्टँडला पोचतो, तू तिथं ये, मग सोबत गोठ्यात जाऊ. क्लचचा पुलर, इम्पॅक्ट ड्रायव्हर, वायर ब्रश आणि नंबर घासायला कागद-पेन्सिल मी आणतो, तू फक्त टॉर्च आण. तोवर मालकाला म्हणावं, गाडी धुऊ नका, किक मारू नका, आणि कव्हरच्या एकाही स्क्रूला हात लावू नका.

तुझाच,
कोल्हापूरहून